युक्तीवाचून गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये पदवीच्या गणित अभ्यासक्रमाचा मसुदा जाहीर केला आणि ९०० हून अधिक गणितज्ञ व संशोधकांनी तो मागे घेण्याची मागणी केली. बीजगणित, रिअल ॲनालिसिस आणि उपयोजित गणित यांना त्यात पुरेसे स्थान नाही, हा त्यांचा आक्षेप. त्याला ‘परंपराद्वेष’ म्हणणाऱ्यांनी माधवाचीच श्रेणी तपासावी.

१ − १/३ + १/५ − १/७… ही बेरीज ‘पाय’च्या चतुर्थांशाकडे जाते. शंभर पदे घेऊनही ‘पाय’ची किंमत ३.१३ च्या आसपासच येते. मग ती ‘पाय’कडेच जाते, हे कशावरून? आकडेमोड कितीही वाढवली तरी याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी सिद्धता लागते. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मलयाळम ग्रंथात तिची उपपत्ती मांडली. ग्रंथाच्या नावातील ‘युक्ती’ म्हणजे तर्क.

ज्या पदवीधराला सीमा आणि अभिसरण यांचा अर्थच उमगला नाही, त्याने माधवाचे नाव घोकून काय साधणार? आयोगाने रिअल ॲनालिसिसला पुरेसे तास द्यावेत. माधवाची खरी ओळख तेथेच होईल.