पाण्याच्या वाटपात आपलं नाव

मैत्रिणींनो, नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं की घरातलं वाटप कोण करतं? आपणच ना! पिण्याची कळशी वेगळी, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी न्हाणीघरात. कोणाला किती लागतं हे आपल्याला कागद-पेन्सिलीशिवाय कळतं. नदीच्या पाण्याचं वाटप जिथे ठरतं तिथे मात्र आपण क्वचितच असतो.

आणि हे वाटप आता पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. पावसाचा भरवसा उरला नाही हे कळायला हवामान खातं कशाला हवं, वाळवणं घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा! ऑक्टोबर 2018 मध्ये आपल्या राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि 2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पुरात बुडालं. सांगलीच्या पेठेत होड्या फिरत होत्या, त्याच सुमारास त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. चार दिवसांत धो धो आणि मग महिनाभर कोरडं, असं होणार असेल तर पाणी अडवायचं कुठे, सोडायचं कधी आणि द्यायचं कोणाला, हे गावांनी बसूनच ठरवायला हवं. दूरच्या कचेरीतल्या साहेबाला टोकाच्या शेताची तहान कशी दिसणार?

त्याच सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली एक जुनी गोष्ट सांगते. 1982 च्या गिरणी संपात मुंबईहून बरेच कामगार गावी परतले. गावात दुष्काळ, आणि कृष्णेला मिळणाऱ्या येरळा नदीतली वाळू ठेकेदार भरभरून नेत होते. वाळू गेली की पाणी धरून ठेवणारं नदीत काही उरत नाही, आजूबाजूच्या विहिरी आटतात. मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी हट्ट धरला की आम्हाला थोडीशीच वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्ही बंधारा बांधतो. तसा तो बळीराजा बंधारा उभा राहिला. मला त्यात बंधाऱ्यापेक्षा वाटपाचा नियम आवडतो. जमीन किती आहे ते न बघता घरटी सारखं पाणी, भूमिहीनालासुद्धा! आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. अगदी पंगतीतल्यासारखं, पान मोठं म्हणून वाढप जास्त नाही.

बाकी ठिकाणी असं नाही बरं का. कालव्याच्या पाण्यासाठी 2005 साली राज्यात कायदा झाला आणि शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलं. ठरलं ते चांगलंच. कार्यकारिणीत बायकांसाठी राखीव जागाही आहेत. पण संस्थेचा सभासद कोण? ज्याच्या नावावर तिथे जमीन आहे तो. रात्री दोनच्या पाळीला कंदील किंवा बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारी बाई सातबाऱ्यावर नसते, म्हणून सभेतही नसते.

“आम्ही शहरात, आम्हाला काय त्याचं?” असं म्हणू नका. आपल्यापैकी कितीजणींची माहेरी-सासरी दोन-चार एकर आहेत! तो सातबारा एकदा काढून बघा. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या दिसतो, नाहीतर तलाठ्याकडे मिळतो. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, 1992 च्या लक्ष्मी मुक्तीच्या निर्णयापासून ही सोय आहे. गोड बोलून हा अर्ज घ्यावा, दिवाळीच्या साडीऐवजी मागितलात तरी चालेल. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हेही 2005 पासून कायद्यात आहे. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. पण भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर हक्कसोडपत्राचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी वाचा, दोन दिवस मागून घ्या, ओळखीच्या वकिलाला दाखवा. त्या सहीबरोबर जमीन जाते, आणि पाण्याच्या सभेतली खुर्चीही जाते, हे कोणी सांगत नाही.

नाव आधीच लागलेलं असेल, तर पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा संस्थेचं सभासद रजिस्टर बघायला मागा. उन्हाळी आवर्तनं किती ठरली, टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचलं का, पिण्यासाठी किती राखलं, एवढं विचारलंत तरी पुष्कळ. जाऊबाईंना बरोबर न्या, त्यांना शेत तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि सभा संध्याकाळी सातला, ऐन भाकऱ्यांच्या वेळी ठेवली असेल, तर ती दुपारी तीनला घ्या असा चार बायकांच्या सह्यांचा अर्ज तिथल्या तिथे देऊन या.