आठ दिवसांचा आठवडा

बत्तीरहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "भाऊ, ऑलिव्हचं तेल आणलं का?" पुढचा प्रश्न ठरलेला, "आपल्याकडे होईल का ती लागवड? अनुदान मिळेल?"

मंडळी, स्पष्टच बोलतो. नुसती झाडं बघून बत्तीर कळत नाही.

पॅलेस्टाईनमध्ये बेथलेहेमच्या पश्चिमेला डोंगरउतारावर हे गाव आहे. दगडी बांधांची पायऱ्या-पायऱ्यांची शेती. कोरडवाहू पायऱ्यांवर ऑलिव्ह, झऱ्याच्या पाण्यावर भाजीपाला आणि तिथली नावाजलेली वांगी. झऱ्याचं पाणी रोमन काळातल्या हौदात येतं, तिथून पाटानं शेतात. गावात मुख्य घराणी आठ. एकेका घराण्याला एकेक दिवस पाणी. म्हणून ते लोक म्हणतात, बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा!

इस्रायलची भिंत याच शेतांतून जाणार होती. गाव कोर्टात गेलं. इस्रायलच्याच निसर्ग व उद्यान प्राधिकरणानं भिंतीला विरोध केला. २०१४ मध्ये युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा ठरवला, धोक्यातला वारसा म्हणूनही नोंदवला. २०१५ च्या सुरुवातीला कोर्टानं भिंत अडवली. धोका टळलेला नाही, पण पाट वाहतोय.

आता आपल्या धुळे जिल्ह्यात या. पांझरेवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची. बंधारा, पाट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी देणार पाटकरी, मालकानं हात लावायचा नाही. हे शहाणपण आपल्याकडे होतं की! मग नदीवर वरती धरणं झाली, खालची धार आटली, विहिरी-बोअर आल्या. आता ज्याची मोटर त्याचं पाणी.

कुणी म्हणेल, "कुठं बत्तीर, कुठं पांझरा!" बरोबर. त्यांच्या दारात भिंत येत होती, तरी त्यांनी पाळी मोडली नाही. आपल्या दारात कोण आलं होतं? आपली व्यवस्था आपणच मोडीत काढली, वर अभ्यासदौऱ्यांतून नवनवीन पिकांची नावं आणतो.

ऑलिव्हचं नंतर बघू. आधी बंधाऱ्यांची दुरुस्ती, धरणातून फडांसाठी ठरलेलं पाणी आणि पाटकऱ्याला पोटापुरता पगार. मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा, आमची पाळी कधी?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.