सायकलला भत्ता, मोबाइलला ठेंगा!

रेल्वे आणि टपाल खात्यातील बंधू-भगिनींनो,

‘स्टोरेज फुल’ ही दोन शब्दांची नोटीस आज आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर रोज झळकते. आपण ती बोटाने बाजूला सारतो आणि कामाला लागतो. आम्हीही तेच करीत होतो. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेतील एका कीमनचे प्रकरण हाती आले, आणि या नोटिशीचा संबंध थेट आपल्या नोकरीशी आहे हे कळून चुकले.

हा कीमन रोजच्या फेरीत निघालेल्या पँड्रोल क्लिपा, ढिले झालेले फिशप्लेटचे बोल्ट यांचे फोटो काढून सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकीत असे. फोन स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा. फोटो टाकण्याचा हुकूम मात्र तोंडी. पुढे एका ठिकाणी दोष सापडला आणि ‘तू कळवलेच नाहीस’ म्हणून त्याच्या हातात एसएफ-११ पडला. फोटो दाखवावेत, तर फोन ड्यूटीवरच पावसात भिजून बंद पडलेला. क्लाउडवर तरी प्रत असेल म्हणून पाहिले, तर फुकटची जागा चार महिन्यांपूर्वीच भरलेली आणि तेव्हापासून बॅकअप थांबलेला. ग्रुपमधील इतरांना विचारावे, तर फोन भरतो म्हणून प्रत्येकाने दर आठवड्याला ग्रुप साफ केलेला. त्याची एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. ४५ दिवसांच्या मुदतीत आम्ही अपील दाखल केले आहे. पण आमचा प्रश्न असा आहे की, पुरावा गेला तो नेमका कोणाच्या चुकीने?

क्लाउड म्हणजे ढगात काही नसते. कंपनीच्या संगणकावर आपण ठेवलेले आपले सामान, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या स्टेशनवरील क्लोकरूमच म्हणा. फरक एवढाच की, क्लोकरूमचा दर पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलेला असतो. येथे आधी ‘सामान फुकट ठेवा’ अशी हाक मारतात आणि सामान साठले की पावती फाडतात.

हे आम्ही रागाच्या भरात बोलत नाही. गूगलने मे २०१५ मध्ये फोटोंची सेवा काढली, तेव्हा फोटो थोडे लहान करून ठेवायला तयार असाल तर हवे तेवढे ठेवा, असा वायदा होता. सहा वर्षांत लोकांना सवय लागली. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले, आणि त्याच १५ जीबीत जीमेलची पत्रे व ड्राइव्हवरील कागदही! अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी या हिशेबाबाहेर होता. २०२४ मध्ये तोही आत घेतला गेला. मायक्रोसॉफ्टने आपली फुकटची जागा २०१६ साली १५ जीबीवरून ५ जीबीवर आणली. ॲपलने २०११ साली आयक्लाउड सुरू केले तेव्हा ५ जीबी फुकट दिले. त्या वर्षीच्या आयफोनचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता, २०२३ च्या आयफोनचा ४८ मेगापिक्सेलचा झाला. फोटो मोठे झाले, फुकटची जागा मात्र पाचाची पाचच राहिली.

जागा भरली की जीमेलवर पत्र जाणे बंद होते आणि येणेही बंद होते. दोन वर्षे मर्यादेच्या वर राहिलात, तर ठेवलेले सामान पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे ठेवला आहे. डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचेही सुरू झाले. निवृत्त बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पेन्शनचे कागद मुलाने उघडून दिलेल्या खात्यात ठेवले आणि मग तिकडे पाहिलेच नाही, असे पुष्कळांचे झाले आहे.

दुसरी गोष्ट पात्रतेची. फुकट म्हणजे सर्वांना फुकट, असा आपला भोळा समज. २०१३ साली ॲपलने लिहिण्याचे आणि हिशेबाचे आपले ॲप फुकट केले, पण ते १ सप्टेंबर २०१३ पासून चालू झालेल्या नव्या यंत्रांनाच. ऑगस्टमध्ये फोन घेतला तो अपात्र! सर्वांना ते मिळायला एप्रिल २०१७ उजाडावा लागला. आपल्याकडे मे २०२५ मध्ये एअरटेलने गूगलची १०० जीबी जागा सहा महिने फुकट देण्याचे जाहीर केले. कोणाला? पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना. सहा महिन्यांनंतर दरमहा १२५ रुपये बिलात. महिन्याच्या शेवटी छोटे रिचार्ज मारणारा प्रीपेडवाला गँगमन या यादीत नाही. आणि १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप जुन्या अँड्रॉइड फोनवर चालेनासे झाले. फोन धडधाकट, पण ॲपच्या दृष्टीने तो बाद!

तारखेने माणसांत फूट पाडण्याचा हा खेळ आपल्याला नवा नाही. १ जानेवारी २००४ ही तारीख कोणता रेल्वे किंवा टपाल कर्मचारी विसरेल? ३१ डिसेंबरला लागला त्याला पेन्शन, दुसऱ्या दिवशी लागला त्याला बाजाराच्या हवाली. पात्रता ठरवणारा गरज पाहत नाही, आपली सोय पाहतो.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, कंपन्यांनी धर्मादाय दुकान थोडेच उघडले आहे? संगणकाला वीज लागते, माणसे लागतात. शंभर-सव्वाशे रुपयांत काय मोठे? चहाला याहून जास्त जातात. यातील पहिले म्हणणे आम्हाला मान्य आहे. कंपनी नफ्यासाठी आहे, तिच्याकडून धर्म मागण्यात अर्थ नाही. घरच्या लग्नाचे फोटो ठेवायचे असतील तर ज्याचा त्याने विचार करावा. आमचे भांडण ड्यूटीच्या कामाचे आहे, आणि ते कंपनीपेक्षा प्रशासनाशी अधिक आहे.

आज आपले कोणते काम मोबाइलवाचून होते? ऑगस्ट २०२० पासून रेल्वेचा पास एचआरएमएसवर गेला. टपाल खात्याची नवी संगणक प्रणाली ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरच्या सुमारे १ लाख ६५ हजार कार्यालयांत पोहोचली. हजेरीचा फोटो, कामाचा फोटो, बटवड्याची नोंद, साहेबांचा संदेश, सारे काही मोबाइलवर. सीयूजी सिम काहींना मिळाले, पण सिम दिले म्हणजे हँडसेट दिला असे होत नाही, आणि हँडसेट दिला तरी त्यातील कागद कोठे साठवायचे हे कोणी सांगत नाही. गँगमनने कधी हातोडा घरून आणला होता का? गार्डने बत्तीत आपल्या पैशाने तेल घातले होते का? मग आजचे हत्यार कामगाराच्या खिशातून का?

यावर प्रशासन म्हणते, असा भत्ता कोठे असतो? बंधूंनो, असतो! सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता रद्द करण्याची शिफारस केली होती. पोस्टमन आणि ट्रॅकमन यांच्या कामाची गरज मान्य करून सरकारने २०१७ साली तो कायम ठेवला, एवढेच नव्हे तर दरमहा ९० रुपयांवरून १८० रुपये केला. २२ हजारांवर कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ होईल असे सरकारनेच तेव्हा सांगितले. म्हणजे कामासाठी स्वतःचे साधन वापरणाऱ्याला त्याच्या देखभालीचा खर्च द्यावा, हे तत्त्व सरकारला मान्य आहे, आणि तेही आपल्याच दोन खात्यांसाठी! सायकलच्या पंक्चरला पैसे आहेत, मग मोबाइलच्या ‘स्टोरेज फुल’ला का नाहीत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जे ॲप ड्यूटीसाठी सक्तीचे, त्यासाठी लागणारा हँडसेट, डेटा आणि साठवणुकीची जागा प्रशासनाने द्यावी, नाहीतर सायकल भत्त्याच्या धर्तीवर मोबाइल देखभाल भत्ता द्यावा. ड्यूटीच्या फोटोंची व अहवालांची नोंद खात्याच्या स्वतःच्या संगणकावर राहावी आणि कर्मचाऱ्याला तिची पोच मिळावी. व्हॉट्सॲप ग्रुप हे सरकारी दप्तर नव्हे. फोन जुना आहे किंवा भरला आहे या कारणाने कोणावरही कारवाई होता कामा नये, आणि कागदावरचा अहवाल नाकारता कामा नये. सरकारचे स्वतःचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यात प्रत्येकाला १ जीबी जागा आहे. सरकारला जागा देता येते, हे त्यावरून सिद्धच आहे. आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. या आयोगापुढील निवेदनात ही मागणी गेलीच पाहिजे.

आता थोडे आपल्या घरातले. सभासदांची यादी एका पदाधिकाऱ्याच्या फुकटच्या खात्यात, पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात आणि तो झाला निवृत्त, हा प्रकार आमच्याच शाखेत घडला आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवताना हे लपवून चालणार नाही. शाखेचे कागद दोघांच्या ताब्यात हवेत आणि त्यांची प्रत पेनड्राइव्हवर हवी. पगारपत्रक, पीएफचा हिशेब, सेवापुस्तिकेची प्रत छापून फाइलला लावा. ड्यूटीचा फोटो पाठवला की तारीख-वेळ डायरीत टिपा आणि सोबत्याची सही घ्या. डायरीला पाच जीबीची मर्यादा नसते, आणि ती भिजली तरी सुकवता येते.

इटारसी असो, झाशी असो, हुबळी असो की भुसावळ, येत्या शाखा सभेत हा विषय पत्रिकेवर घ्या, ठराव करा आणि महासंघाकडे पाठवा. हत्यार मालकाचे, तर खर्चही मालकाचा. एवढे साधे म्हणणे आहे, आणि ते मान्य होईपर्यंत आपण मागे हटणार नाही.

कामगार एकजूट झिंदाबाद!