पाटीवरची उत्तरे

पर्युषण आटोपून पंधरवडा लोटला होता. चातुर्मासात लग्नसराई नसल्याने अहिल्यानगरातील मंगल कार्यालये या दिवसांत मोकळी असतात आणि समाजाच्या मंडळांना सभागृह सहज मिळते. अशाच एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून, दांपत्य मेळाव्यास आरंभ झाला. स्वागत, सत्कार आणि अध्यक्षीय भाषण हे सारे रीतीप्रमाणे झाले. मंडळी खरी वाट पाहत होती ती त्यानंतरच्या खेळाची.

व्यासपीठावर पाच जोडपी पाठीला पाठ लावून बसविण्यात आली. प्रत्येकाच्या हाती एक पाटी व खडूचा तुकडा. सूत्रसंचालन करणारी मुलगी प्रश्न विचारी, दोघांनी आपापल्या पाटीवर उत्तर लिहावयाचे आणि घंटा वाजताच दोन्ही पाट्या सभेपुढे धरावयाच्या. उत्तरे जुळली तर गुण, न जुळली तर हशा. शेठजींच्या चपलेचा क्रमांक कोणता? भाभीजींनी सासरी आल्यावर पहिला पदार्थ कोणता केला? घरात आधी कोण रागावते आणि आधी कोण बोलते? असे ते प्रश्न होते.

राहुरीकडच्या एका गावाहून आलेले कापडाचे व्यापारी आणि त्यांच्या पत्नी आघाडीवर होत्या. लग्नाला 36 वर्षे झालेली. चार प्रश्नांपैकी चारही उत्तरे जुळली, आणि शेठजींच्या चेहऱ्यावर हंगामातला माल चढ्या भावाने विकल्याचे समाधान दिसू लागले. पाचवा प्रश्न आला : यंदाच्या चातुर्मासात पत्नीने कोणता नियम घेतला आहे? शेठजींनी क्षणभर विचार करून लिहिले, "हिरवी भाजी". पत्नीच्या पाटीवर एकच शब्द होता : "चहा".

सभागृहात हशा उसळला. शेठजी मागे वळून म्हणाले, "अहो, रोज सकाळी आपण समोरासमोर बसून तर चहा घेतो!"

"समोर बसते," पत्नी म्हणाल्या. "घेत नाही."

या उत्तराला टाळ्या पडल्या, दुसऱ्या जोडप्याला पहिले बक्षीस मिळाले आणि सहभागी झालेल्या सर्वांना त्यांच्या पाट्या आठवण म्हणून भेट देण्यात आल्या. गंमत म्हणून पाहिले तर प्रसंग एवढाच. परंतु सुमारे अडीच महिने एक माणूस समोर रिकाम्या हाताने बसला आहे आणि ते दुसऱ्याच्या ध्यानी येत नाही, ही गोष्ट केवळ हसून सोडून देण्याजोगी नाही.

पतिपत्नींना असे चारचौघांत खेळविण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. लग्नघरात नवरीच्या मुठीतली सुपारी नवऱ्याने एका हाताने सोडवायची, मारवाडी घरांत दूध-पाण्याच्या परातीत दोघांनी मिळून अंगठी शोधायची, एकमेकांच्या हातचे कांकण सोडायचे, हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांत परीक्षा नव्हती. ज्यांनी एकमेकांना धड पाहिलेही नव्हते त्यांचा संकोच मोडावा, एवढाच हेतू होता. उखाण्याची गोष्टही तशीच. एरवी ज्याचे नाव उच्चारायचे नाही, त्याचे नाव यमकात गुंफून सर्वांसमक्ष घेण्याची ती परवानगी होती. बँकेच्या खिडकीशी पतीचे नाव विचारले असता पदर तोंडाशी नेऊन शेजारणीकडे पाहणाऱ्या, आणि मग ते नाव शेजारणीकडूनच वदविणाऱ्या वृद्ध स्त्रिया फार जुन्या काळातल्या नाहीत. ज्याचे नाव घेता येत नव्हते, त्याच्या व्यवहाराविषयी विचारणे तर दूरच राहिले.

"तुम्ही एकमेकांना किती ओळखता" असा सरळ प्रश्न विचारणारा खेळ मात्र अलीकडचा. अमेरिकेत जुलै 1966 मध्ये 'द न्यूलीवेड गेम' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. चार नवविवाहित जोडपी. आधी एकाला पडद्याआड न्यायचे, दुसऱ्याकडून उत्तरे घ्यायची, मग पडद्याआडच्याला बोलावून तीच उत्तरे ताडून पाहायची. आज संगीताच्या कार्यक्रमात वधूवरांना एकेक बूट हाती देऊन पाठमोरे बसवितात, तो त्याच कुळातला खेळ. मराठी घरांत ही आवड रुजविली ती झी मराठीवरील 'होम मिनिस्टर'ने. 2004 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात आदेश बांदेकर 'भावोजी' होऊन घरोघरी गेले, वहिनींशी गप्पा झाल्या, खेळ झाले आणि जिंकणारीला पैठणी मिळाली. त्याच्या अनुकरणाने हळदीकुंकू असो, गणेशोत्सव असो वा एखाद्या इच्छुक उमेदवाराचा वाढदिवस असो, गावोगाव पैठणीचे खेळ रंगू लागले. आपल्या जिल्ह्याला तर पैठणीचे येवले कोपरगावच्या वेशीलगतच. या कार्यक्रमांचे एक श्रेय निर्विवाद आहे : चार लोकांसमोर पत्नीचे मत विचारले जाऊ लागले आणि पतीला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागले.

आता त्या चहाकडे पुन्हा वळू. वर्षे जितकी अधिक तितकी ओळख अधिक, असा सर्वांचाच समज असतो. मानसशास्त्रज्ञांनी तो तपासून पाहिला आहे. विल्यम स्वान व मायकेल गिल यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, संबंध जितका जुना तितका जोडीदाराला आपण ओळखतो हा विश्वास वाढतो. अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात 38 तरुण आणि 20 वृद्ध जोडप्यांना जोडीदाराची आवडनिवड ओळखावयास सांगितले होते. प्रश्न अगदी आपल्या मेळाव्यातल्यासारखे : कोणता पदार्थ आवडेल, कोणता चित्रपट, स्वयंपाकघराची कोणती मांडणी. सरासरी चाळीस वर्षांचा सहवास लाभलेल्या जोडप्यांचे अंदाज, दोन वर्षांच्या ओळखीच्या जोडप्यांपेक्षा अधिक चुकले. माणूस पुरता ओळखीचा झाला असे वाटले की त्याच्याकडे पाहणे कमी होते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. पासबुक कपाटात आहे म्हणून नोंदी भरून घ्यावयाच्या राहाव्यात, तसे हे आहे. पहिल्या पानावरची शिल्लक तोंडपाठ असते. मधल्या काळात किती जमा झाले आणि किती खर्ची पडले, याचा पत्ता नसतो.

आवडीनिवडीत चूक झाली तर फार तर हशा होतो. व्यापारी कुटुंबात मात्र काही प्रश्न असे आहेत की त्यांचे उत्तर न जुळल्यास हसण्याची सोय राहत नाही. आणि नेमके तेच प्रश्न कोणत्याही मेळाव्यात विचारले जात नाहीत. अर्थात ते चारचौघांत विचारूही नयेत. घरी विचारावेत. पण घरी तरी कोण विचारतो?

पहिला प्रश्न ठेवींचा. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत "आपले त्यात किती होते?" हा प्रश्न प्रथमच मोठ्याने उच्चारला गेला असेल. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हा भेद दुकानात बसणाऱ्याला ठाऊक असतो. त्याच्या पत्नीला आपल्या घरातली कोणती पावती कोणत्या प्रकारची, हे बहुधा ठाऊक नसते. पावत्यांची पिशवी कोणत्या कपाटात आहे, तेवढे ती सांगू शकते.

माणूस गेल्यावर जे विस्मरणात जाते त्याचा हिशेबही उपलब्ध आहे. दहा वर्षे ज्या ठेवीवर कोणी हक्क सांगितला नाही ती 2014 च्या योजनेप्रमाणे रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. मार्च 2024 अखेर या निधीत 78,213 कोटी रुपये होते. हा पैसा बुडालेला नाही. वारसांना आपल्या बँकेमार्फत तो परत मागता येतो, आणि निरनिराळ्या बँकांतील अशा ठेवी एके ठिकाणी शोधता याव्यात म्हणून 'उद्गम' हे संकेतस्थळ ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाले आहे. पण शोधणाऱ्याला आधी शोधावे असे वाटले पाहिजे. यातल्या अनेक ठेवी अशा असणार की ज्या ठेवणाऱ्याने कुणाला सांगितल्याच नाहीत. सांगू म्हणता म्हणता राहून गेले.

नामनिर्देशनाची तऱ्हा आणखी निराळी. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर आईचे नाव असते. आई जाऊन वीस वर्षे होतात, नाव तसेच राहते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नावे देता येऊ लागली आहेत आणि प्रत्येकीचा हिस्साही ठरविता येतो. लॉकरला ही नावे एकामागून एक अशा क्रमाने द्यावी लागतात. नाव नोंदविलेला माणूस रक्कम स्वीकारण्यापुरता अधिकारी असतो, मालक होत नाही. वारसांचा हक्क त्यामुळे जात नाही. ही गोष्ट ज्यांना माहीत नसते, ती भावंडे पुढे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात.

सर्वांत अवघड प्रश्न सहीचा. कापड बाजारात काय, आडते बाजारात काय, किंवा तालुक्याच्या पेठेत काय, व्यवहार शब्दावर चालतो याचा व्यापाऱ्याला अभिमान असतो, आणि तो रास्तही आहे. त्या शब्दाच्या भरात मेहुण्याच्या, साडूच्या, शेजारच्या दुकानदाराच्या कर्जाला जामीन म्हणून सही दिली जाते. "फक्त सहीच तर हवी आहे" हे वाक्य ऐकले नाही असा व्यापारी विरळा. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या 128 व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मगच माझ्याकडे या, असे त्याला सहसा म्हणता येत नाही. त्याच्या मृत्यूनंतरही आधी पत्करलेली जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर येऊ शकते. पत्नीला हे कळते ते नोटीस दारात आल्यावर. विश्वास नव्हता म्हणून तिच्यापासून लपविले, असे बहुतेकदा नसते. तिला काळजी नको या भावनेनेच लपविलेले असते. परिणाम मात्र दोहोंचा एकच होतो.

दोष एकट्या पुरुषांचा आहे असेही नाही. घरखर्चातून वाचवून चालविलेली भिशी, माहेरी अडीनडीला दिलेले पैसे, गुडघ्याचे दुखणे आणि त्यासाठी परस्पर आणलेल्या गोळ्या, या नोंदी पतीच्या वहीत कुठेच नसतात. तीही त्याला काळजी नको म्हणूनच गप्प असते.

मेळावा संपवून ते कापडाचे व्यापारी व त्यांच्या पत्नी गावी निघाले तेव्हा पाट्या मागच्या आसनावर होत्या. विळद घाट येईपर्यंत चहाचीच थट्टा चालली होती. मग पत्नी म्हणाल्या, "आता माझा एक प्रश्न. गुण नाहीत त्याला. तुम्ही जामीन कुणाकुणाला आहात?"

शेठजी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. घाट ओलांडल्यावर म्हणाले, "दोघांना." राहुरीचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाले, "तिघांना."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातली पिशवी काढली, चष्मा लावला आणि पाटी पुढे ओढली. एका बाजूस ठेवी लिहिल्या, पाटी उलटून दुसऱ्या बाजूस सह्या. मामेभावाच्या दुकानाच्या कर्जापाशी खडू थांबला, रक्कम आठवेना. जागाही संपली होती. त्यांनी पत्नीची पाटी मागितली.

त्यांनी ती पुढे केली. "चहा" हा शब्द पुसलेला होता आणि त्या जागी बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. भिशीत 22 हजार. धाकट्या भावाला 40 हजार.

"हे केव्हा दिले?" शेठजींनी विचारले.

"चार वर्षे झाली," त्या म्हणाल्या, आणि पुसणे आणायला आत गेल्या. शेठजींनी पाटी पुसू दिली नाही. दुसऱ्या दिवशी वाण्याकडून एक नवी वही आणविली आणि दोन्ही पाट्यांवरचा मजकूर तिच्यात उतरवून घेतला. त्या सकाळी दुकान उघडायला उशीर झाला.