फ्लेक्सवर नसलेली माणसं

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या चौकात फ्लेक्स झळकतात. मधे पोराचा नाहीतर पोरीचा फोटो, वरच्या पट्टीत आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळे हात जोडून. खाली ओळ ठरलेली : 'स्वकष्टाच्या जोरावर उत्तुंग यश'.

अशा पोरापोरींच्या मुलाखती घ्यायला मी गेली पंधरा-वीस वर्षं जातोय. कॅमेरा चालू असेपर्यंत आईवडील आणि गुरुजनांचं नाव येतं, ते बरोबरच आहे. मग चहा येतो आणि मी विचारतो, "हे पहिल्यांदा तुझ्या डोक्यात कुणी घातलं रे?" तेव्हा वेगळीच माणसं बाहेर येतात. अर्जाची शेवटची तारीख आहे म्हणून स्वतःहून फोन करणारी सेवा केंद्रातली ताई. दोन महिने डब्याचे पैसे न मागणाऱ्या मेसवाल्या काकू. स्वतः तीनदा नापास होऊन सगळ्या नोट्स धाकट्याला देऊन टाकणारा गल्लीतला दादा. फ्लेक्सवर यातलं कुणीच नसतं.

हे आजचं नाही. जोतीराव फुल्यांची शाळा लहानपणी सुटली होती. शेजारचे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजीट साहेब यांनी गोविंदरावांना समजावलं, पोरगा हुशार आहे, त्याला पुन्हा शाळेत घाला. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. दोन शेजाऱ्यांनी एका बापाची समजूत घातली नसती तर काय झालं असतं, विचार करून बघा.

बाबासाहेबांचंही तसंच. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज वाचत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी पाहिलं आणि आपणहून चौकशी केली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बुद्धीही बाबासाहेबांची आणि कष्टही त्यांचेच. पण बाकावरच्या पोराकडे बघून पुढे निघून न जाणारा एक माणूस तिथे होता.

आता दुसरी बाजू. माणसं माणसाला घडवतात तशी मोडतातही. इंग्रजीत दोन वाक्यं बोलणाऱ्या पोरीला "आली मोठी मॅडम" म्हणणारेही आपणच. "शिकून काय दिवे लावणार?" हा कट्ट्यावरचा टोमणा किती जणांना मागे ओढतो, त्याचा हिशेब कुठेच नाही. म्हणून 'समाज फार चांगला आहे' असलं गोडगोड मला लिहायचं नाही. आपल्या एका वाक्यात वजन असतं, ते वाक्य आपण कुठल्या बाजूला टाकतो, एवढंच विचारायचंय.

आणि हे सगळं होतं कुठे? तर चार वेगवेगळ्या थरांतली माणसं एकत्र बसतात तिथे. बागेतला बाक, वाचनालय, सरकारी शाळा. नेमकं तेच आपण आटवत चाललोय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी लहान गावातल्या 'ड' वर्गाच्या ग्रंथपालाच्या हातात महिनाकाठी जे पडतं त्यात घर चालत नाही. तरी तो माणूस संध्याकाळी कुलूप उघडतो, वर्तमानपत्रं लावतो आणि एखाद्या पोराला म्हणतो, "हे वाच, तुझ्या कामाचं आहे." याला कुठल्याही खात्यात पद नाही, पगार नाही.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची पोरं पुण्यात जाऊन क्लास लावतील, सल्ला विकत घेतील. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी शिकतंय, त्याला हा फुकटचा शब्दच मिळतो. वाचनालय बंद पडलं की पुस्तकांची कपाटं कुठेतरी हलवता येतात. तो शब्द मात्र जातो तो जातोच.

म्हणून नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतींना साधी मागणी आहे. सत्कार समारंभाला मंडप, हार-तुरे, फ्लेक्स यावर जेवढं उडवता, त्यातलं थोडं गावच्या वाचनालयाच्या वीजबिलाला आणि ग्रंथपालाच्या मानधनाला द्या. रात्री दहापर्यंत दिवा चालू राहू द्या. बाकीचं माणसं बघून घेतील.

आणि तुम्ही-आम्ही? तुम्हाला कधीतरी "तू कर, तुला जमेल" म्हणालेल्या माणसाला आज एक फोन करा. तो माणूस हयात नसेल, तर तेच वाक्य शेजारच्या पोरीला सांगा. पुढच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो येणार नाही. नाही आला तरी चालेल.