आधी पाणी, मग घास

गेल्या वैशाखात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला होता. रुग्णालयातून घरी परतलेल्या माझ्या वडिलांचे जेवण निम्म्यावर आले होते आणि त्याच सुमारास त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतील प्रवाळही मिटून बसले होते. आम्ही दोघांवरही एकच उपाय केला : अधिक खाऊ घालणे. त्याने दोघांचीही प्रकृती आणखी बिघडली.

प्रवाळ म्हणजे वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. पाणी तापले की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ फिकट होते. असे प्रवाळ मेलेले नसते. ते उपाशी असते. मात्र पाणी बिघडलेले असताना ते घास घेऊ शकत नाही. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते आणि पाण्यात अमोनिया वाढतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून दूर नेली. पाणी हळूहळू, एकेका अंशाने, २६ अंशांपर्यंत उतरविले. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून तूट भरून काढताना खारे नव्हे, तर शुद्ध केलेले गोडे पाणी घातले आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखले. स्पर्शिका पुन्हा बाहेर दिसू लागल्यावरच अन्न दिले : दिवा मंद करून, पाणी खेळविणारा पंप दहा मिनिटे थांबवून, आर्टेमियाची बारीक पिल्ले ड्रॉपरने, आठवड्यातून दोनदा. उरलेले लगेच काढून टाकले.

मग लक्षात आले की, वडिलांच्या बाबतीतही ‘पाणी’ आम्ही तपासलेच नव्हते. वजन घटल्याने त्यांची कवळी सैल झाली होती आणि हिरड्या दुखत होत्या. ते बोलले नाहीत. आम्ही विचारले नाही. ज्येष्ठांचे जेवण कमी झाले तर आग्रहापूर्वी तोंड, दात, गिळण्याचा त्रास, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू झालेली औषधे आणि मनाची उदासी यांकडे पाहावे. ताट भरून वाढण्यापेक्षा थोडे थोडे, अनेकदा द्यावे. ताठ बसवून भरवावे व जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जेवताना ठसका लागत असेल, आवाज ओलसर होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

हा छंद जोपासणाऱ्यांसाठी दोन इशारे. आमच्याकडील पॅलिथोआ हे कठीण सांगाडा नसलेले, प्रवाळांचे भाऊबंद. त्यांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. असे दगड कधीही उकळू नयेत, त्यांवर गरम पाणी ओतू नये वा ब्रशने घासू नयेत. ती वाफ व तुषार श्वासावाटे आत जातात. हातमोजे व चष्मा वापरावा. हातावर जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, पाण्यात हात घालू नये. त्रास झाल्यास डॉक्टरांना घरातील पेटीविषयी आवर्जून सांगावे.

दुसरा इशारा कायद्याचा. रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून हौसेने तुकडा आणणेही गुन्हा ठरतो. मुंबईच्या किनारी मार्गासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळ-वसाहती हलविल्या, त्याही शासकीय परवानगीने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तेथेही प्रथम त्यांना मानवेल अशी जागा पाहावी लागली.

आमच्या प्रवाळाचा एक कोपरा गेला तो गेलाच. उरलेले उघडायला दोन महिने लागले. नवी कवळी बसल्यावर वडिलांची अर्धी भाकरी पूर्ण व्हायलाही जवळपास तेवढाच काळ गेला. आता पेटीला ड्रॉपरने घास तेच भरवतात आणि पंप बंद करण्यापूर्वी मला बजावतात, ‘‘आधी तापमान बघ.’’