वासरावरचा आळ

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने पाण्यातील जंतूंविषयी लिहावे, हे पाहून काहींना हसू येईल. 'हा प्रांत सायन्सवाल्यांचा' असेही कोणी म्हणेल. परंतु मला या विषयाकडे वळविले ते मीच लिहिलेल्या एका मराठी अर्जाने.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या वाडीत लहान मुलांना जुलाबाची साथ आली. माझी आठ महिन्यांची पुतणी दहा दिवस आजारी होती. जलसंजीवनी पाजून आणि तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून ती कशीबशी वाचली. विहिरीत टीसीएल पावडर टाकली होती, पाणी अगदी नितळ दिसत होते, तरी साथ हटेना. तेव्हा सर्वांचे बोट विहिरीशेजारच्या गोठ्याकडे वळले. गोठा एका विधवा बाईंचा; आम्ही सारे त्यांना आक्का म्हणतो. त्यांच्या गाईच्या नव्या वासराला त्याच सुमारास हगवण लागली होती. एवढा पुरावा वाडीला पुरला. गोठा हलवावा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचे ठरले आणि कॉलेजात जाणारा म्हणून तो मी लिहिला. भाषा झकास उतरली. महिन्याभरात आक्कांनी गाय-वासरू बाजारात नेऊन विकले. नंतर एकदा भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "बाळा, वासराचं शेण कुनी तपासलं व्हतं का रं?" कोणीच तपासले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात गोठा नव्हता, पण साथ पुन्हा आली.

त्यानंतर मी मिळेल ते वाचू लागलो. पाण्यावाटे माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत शिरणारे काही एकपेशीय परोपजीवी आहेत. जिआर्डिया हा त्यातला एक. दुसरा क्रिप्टोस्पोरिडियम. टायझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ साली तो उंदरांत पाहिला. माणसांतील पहिले रुग्ण १९७६ साली नोंदले गेले. रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडणारे त्याचे कोष इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या रेषेवर दोनशे बसतील. त्यांचे कवच असे टणक, की पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला ते दाद देत नाहीत. मग आमची टीसीएल पावडर यांच्यापुढे काय करणार?

अमेरिकेतील मिलवॉकी शहराची हकीकत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्या शहरात व आसपास सुमारे ४ लाख ३ हजार लोकांना जुलाब झाले. पाणी मिशिगन सरोवराचे, गाळलेले, क्लोरीन घातलेले. परंतु दक्षिणेकडील शुद्धीकरण केंद्रातील गाळण कमी पडली आणि कोष थेट नळापर्यंत पोचले. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली होती, अशा कित्येकांचे प्राण गेले. तेथेही संशय घेतला गेला तो गुराढोरांवर. पुढे काही रुग्णांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा तो परोपजीवी मुख्यतः माणसांतच आढळणाऱ्या प्रकारचा निघाला. या प्रकाराला २००२ साली 'क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस' असे वेगळे नाव मिळाले. म्हणजे घाण माणसाची, आणि आळ मात्र गुरांवर!

याचा अर्थ गुरे नेहमीच निर्दोष असतात, असे मुळीच नाही. काही आठवड्यांच्या वासरांत याच कुळातला दुसरा प्रकार सर्रास सापडतो आणि तो माणसालाही बाधतो. २००१ साली इंग्लंडमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. लाखो जनावरे मारली गेली, शेतशिवारांत लोकांना मज्जाव झाला. त्या वर्षी माणसांतील या रोगाचे प्रमाणही घटलेले दिसले. सांगायचे तात्पर्य असे, की दोषी कोण हे ठिकाणागणिक बदलते, आणि ते तपासल्यावाचून कळत नाही. डॉक्टरांनी फक्त माणूस पाहायचा, पशुवैद्यांनी फक्त जनावर आणि पाणीवाल्यांनी फक्त पाणी, या वाटणीत हा परोपजीवी नेमका निसटतो. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जिवाणू शोधतात. त्यात हा सापडत नाही. याच्यासाठी शौचाचा नमुना वेगळ्या रीतीने रंगवावा लागतो. पण क्षयाची थुंकी तपासताना जे रंग वापरतात, त्याच जातीचे रंग येथे चालतात. तेव्हा हे काम परदेशी प्रयोगशाळांचेच आहे, असे मला वाटत नाही.

हा प्रश्न क्षुल्लकही नाही. आफ्रिका व आशियातील सात देशांत मुलांच्या गंभीर अतिसाराचा मोठा अभ्यास झाला, त्यात आपले कोलकाताही होते. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाच्या आतील बाळांत रोटाव्हायरसच्या खालोखाल बहुतेक ठिकाणी हाच क्रिप्टोस्पोरिडियम कारणीभूत ठरला. रोटाव्हायरसची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०१६ पासून आली. याच्यावर मात्र अजून लस नाही. पाणी खळखळून उकळले तर हे कोष मरतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. आमच्या घरी आता बाळाचे पाणी उकळूनच देतात.

आमच्या वाडीत दोष वासराचा होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही. एवढे मात्र खरे, की आमच्याच संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून वीस पावलांवर आहे आणि माझ्या अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता. लिहिता येणाऱ्या माणसाच्या हातून असे अन्याय सहज घडतात. गावाचा राग तो नीटनेटक्या वाक्यांत बसवून देतो आणि राग हाच पुरावा वाटू लागतो.

यंदा मी दुसरा अर्ज लिहिला आहे. विहिरीचे पाणी, आजारी मुलांचे नमुने आणि वाडीतल्या सर्व गुरांचे शेण एकाच वेळी तपासावे, आणि शोषखड्ड्यांचीही पाहणी व्हावी, अशी त्यात मागणी आहे. पहिली सही माझी आहे. दुसरी मागायला आक्कांकडे गेलो, तेव्हा त्यांनी अर्ज मोठ्याने वाचून घेतला आणि मग अंगठा उठवला.